देवाच्या बाजूचा मोगरा

राजूबाईचं झाडांचं सगळं शिक्षण शेळ्यांच्या मागं झालं. दुबलगुंडी गावाच्या वरच्या अंगाला लाल मुरमाचा माळ आहे. लग्न होऊन आल्यापासून वीस-बावीस वर्षं तिनं तिथं शेळ्या राखल्या. सकाळची पाळी नवऱ्याची, राघोबाची, दुपारची तिची. उन्हाची पाळी बाईच्या वाट्याला कामून, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला मुरूम, पुढं बारा-पंधरा शेळ्या. अशा वेळी माणसाला बघायला असतं काय? शेळी काय खाते आणि काय सोडून देते, एवढंच.

चैत्र-वैशाखात सगळा माळ भाकरी उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा व्हायचा. त्यातही कुठंतरी पिवळाधमक तरवड उभा असायचा. शेळी त्याच्याकडं बघून मान फिरवायची. कण्हेरीला तोंड लावायची न्हाई. कोरांटीचे काटे हुंगून पुढं जायची. उन्हातून वाचलं आणि शेळीच्या तोंडातून वाचलं, ते झाड कुठंही जगतं, हे राजूबाईला पक्कं ठाऊक झालं. तिला लिहिता-वाचता येत नाही म्हणून हे शिक्षण कुणी मोजलं नाही, ती गोष्ट वेगळी.

शेळ्यांचं दुसरं वेड मिठाचं. संध्याकाळी राघोबा तळहातावर खडेमीठ घेऊन हाळी द्यायचा, की माळभर पांगलेल्या शेळ्या उड्या मारत यायच्या. जुन्या भिंतीला लोणा फुटून खार वर आला तर भिंतसुद्धा चाटून गुळगुळीत करायच्या. राघोबा हसायचा. म्हणायचा, "माणसाच्या हाकेला येत न्हाईत रांडेच्या, मिठाला येतेत."

तर अशी ही राजूबाई रोज सकाळी बसनं, आणि सरकारनं बायांचं तिकीट माफ केल्यापासून आधार कार्ड दाखवून फुकटात, तालुक्याच्या चिटगुप्प्याला जायची, ती नलिनीबाईंच्या अंगणातल्या एका मोगऱ्यासाठी. बाकीची कामं निमित्ताची. झाडलोट, पाणी, पालापाचोळा, सगळं त्या मोगऱ्याच्या निमित्तानं.

मोगरा तिच्या पोरीनं लावलेला होता. विजयश्रीनं.

नलिनीबाई चिटगुप्प्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण. नवरा प्राणेशराव कचेरीत होते, ते वारले. मुलगा सुधींद्र बेंगळूरला. घरात बाई, देवघर आणि सोवळं. या सोवळ्याला त्यांच्या घरात मडी म्हणत. विजयश्री त्यांची विद्यार्थिनी. शाळा सुटल्यावर गावची बस यायला दीड तास असायचा, तेवढा वेळ पोर बाईंच्या ओसरीवर बसून अभ्यास करायची. सातवीत असताना हुमनाबादच्या जत्रेतून काळ्या पिशवीतलं मोगऱ्याचं रोप घेऊन आली. तीन पानं आणि एक काडी.

"घरी का नाही गं लावलंस?" बाईंनी विचारलं होतं.

"आमच्या घरी कुठलं पाणी, बाई? इथं जगंल."

बारावीच्या वर्षी पोर तापानं गेली. चार दिवसांचा ताप. तिचा म्हणून घरात एकच फोटो, आधार कार्डावरचा, कुणाचाही वाटावा असा. कपडे बहिणीच्या पोरींना दिले. वह्या रद्दीत गेल्या, त्या राघोबानं दिल्या, आणि त्यावरून नवराबायको वर्षभर धड बोलले नाहीत. तेरावा झाल्यावर राजूबाई एकदा चिटगुप्प्याला आली, मोगऱ्यापुढं बसली, आणि बसून काय करायचं म्हणून तिथला पाला वेचू लागली. नलिनीबाई दारात आल्या, बघितलं, आत जाऊन चहा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी राजूबाई पुन्हा आली. त्याला नोकरी म्हणायचं तर म्हणा. अशी अकरा वर्षं झाली.

त्या अकरा वर्षांत मोगरा पुरुषभर उंच झाला. उन्हाळ्यात सकाळी परडी भरून फुलं निघायची आणि ती सगळी नलिनीबाईंच्या देवाला जायची. राजूबाई देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बघायची. मधल्या मूर्तीच्या डोक्यावर पहिलं फूल ठेवलं, की ती मनात म्हणायची, पोचलं. काय पोचलं, कुणाला पोचलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या.

दोन उन्हाळ्यांमागं बाईंच्या घरची बोअर आटली. नळाला पाणी यायचं आठ-दहा दिवसांनी, तेही धाप लागल्यासारखं. पंधरा दिवसांत शेवंती गेली, गुलाब गेले, जाईचा मांडव वाळून त्याची काडी झाली. ज्या मुलखात माणसाच्या घशाला पाणी पुरत नाही तिथं फुलांचं काय रडगाणं, असं म्हणणारे शहाणे पुष्कळ असतात. हेच शहाणे आपल्या कचेरीपुढं हिरवळ लावतात आणि तिच्यावर टँकर ओततात. राजूबाईला त्यांचं ऐकायचं नव्हतं. हौदाच्या तळाचं पाणी तांब्या-तांब्यानं घालून तिनं त्या वर्षी मोगरा मृगापर्यंत ओढून आणला.

पण पुढल्या उन्हाळ्याचं काय? तिनं मोरीकडं बोट दाखवलं.

"बाई, भांड्याचं पाणी रोज चार बादल्या नालीत जायलंय. ते घालू की मोगऱ्याला."

नलिनीबाईंनी कानावर हात ठेवले नाहीत एवढंच. "राजूबाई, काहीतरीच काय? खरकटं पाणी? त्या पाण्यावर वाढलेलं फूल देवाला चालत नाही."

"झाडाला खरकटं कळतंय व्हय?"

"झाडाला नसेल कळत. मला कळतं."

"मग अंघोळीचं?"

"तेही नाही."

"आभाळातून पडलेलं चालतंय की तुम्हाला. ते कुठून कुठून आलेलं असतंय."

"तोंड फार चालतं हं तुझं," नलिनीबाई म्हणाल्या, पण आवाज चढवला नाही. चार पिढ्यांचं सोवळं होतं ते, आणि त्या एकट्याच उरल्या होत्या पाळायला. सून पाळत नव्हती, नात पाळणार नव्हती. आपल्या हातून मोडलं तर संपलंच, अशी त्यांची भीती. राजूबाईला ही भीती कळत होती. ज्याचं एकच काही उरलेलं असतं, त्याची भीती तिला कळायचीच.

शेवटी तोड निघाली ती अशी. अंगणाच्या मधोमध विटांची एक रांग लावायची. घराकडची बाजू देवाची. तिथं तुळस आणि मोगरा, आणि त्यांना फक्त चोख पाणी. फाटकाकडची बाजू बिनदेवाची. तिथं उन्हाला दाद न देणारी फुलझाडं लावायची, त्यांना भांड्याचं पाणी द्यायचं, म्हणजे गुलाब-शेवंती पुन्हा लावायला नकोत आणि चोख पाण्याचा थेंब न थेंब मोगऱ्याला उरेल. राजूबाईच्या डोक्यात एवढंच होतं. दुसरी सगळी बाग तिनं मोगऱ्याचं पाणी वाचवायला मांडली.

झाडं निवडायला नलिनीबाई वही-पेन घेऊन बसल्या. बेंगळूरहून नात नेत्रा मोबाईलच्या पडद्यावर होती.

"आजी, मी नेटवर बघितलं. कमी पाण्याच्या बागेला लॅव्हेंडर बेस्ट. आणि रोझमेरी."

नलिनीबाईंनी लिहून घेतलं. राजूबाईनं पडद्यात डोकं घातलं. "नेत्राअक्का, ते फूल शेळी खाती का?"

"शेळी? माहीत नाही मावशी. स्पेनमध्ये होतं ते."

"मग स्पेनच्या शेळीला इचारून सांग."

पोरगी खळखळून हसली. नलिनीबाईंनी वहीतलं खोडलं. "बरं, तू सांग मग. बोगनवेल?"

"नको. लोक म्हणतेत कागदाची फुलं. शेळी वहीसारखी खाती ती. आमच्या काळ्या बोकडानं शाळेपुढली सगळी खाल्ली होती."

"मग काय?"

"तरवड."

नलिनीबाईंनी चष्मा काढला. "तरवड म्हणजे चामडं कमवायला साल वापरतात तोच ना?"

"व्हय. त्याच चामड्याच्या चपला तुम्ही घालायलाव की."

फोनमध्ये नेत्रा पुन्हा हसली. नलिनीबाईंनी ओठ दाबून 'तरवड' लिहिलं. पुढं कण्हेर आली. ती चालेल, म्हणाल्या, देवालाही चालते, पण तिकडं लावलीस तर खरकट्या पाण्याची, म्हणजे मग नुसती शोभेची. कोरांटी झाली. पांढरा चाफा झाला. त्याला नुसता फाटा तोडून आठवडाभर सावलीत टाकला आणि मग रोवला तरी जगतो, हे बाईंना खरं वाटेना. मग राजूबाई म्हणाली, सदाफुली.

"नको गं. मसणातलं फूल ते."

"मसणात पाणी घालायला कोण जातंय, बाई? तरी फुलतंय. म्हणून तर म्हणायले."

पोरीला नेलं त्या दिवशी पायवाटेच्या दोन्ही अंगांना सदाफुलीच होती, हे दोघींनाही आठवत होतं. बाईंनी खाली मान घालून लिहिलं, 'सदाफुली'.

पावसाच्या पहिल्या आठवड्यात राजूबाईनं माळावरून तरवडाची बोटभर रोपं मुळाच्या गोळ्यासकट उकरून आणली. मोठं झाड हलवलं तर मरतं, त्याचं मूळ सरळ खाली पाताळात गेलेलं असतं, हेही तिला शेळ्यांमागंच कळलेलं. विटांची रांग लागली. मोरीचं पाणी बादल्यांनी बिनदेवाच्या बाजूला जाऊ लागलं. दिवाळीपर्यंत त्या बाजूनं असा जोर धरला की फाटकाबाहेरून जाणारी माणसं थांबायची.

दिवाळीला सुधींद्र आला. आईला मुतखड्याचा त्रास, टाकीत भरलेलं टँकरचं विकतचं कठीण पाणी पिऊन, म्हणून त्यानं स्वयंपाकघरात भिंतीवर पाण्याचं फिल्टर बसवून दिलं. पांढरं, दिव्यांचं. त्याला दोन नळ्या. एकीतून प्यायचं गोड पाणी. दुसरीतून मशीननं टाकून दिलेलं पाणी, ते मोरीत सोडायचं. एक तांब्या प्यायला मिळाला तर दोन तांबे वाया.

पौषात त्या वायाच्या पाण्यावर नलिनीबाईंची नजर गेली, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्या राजूबाईला हाताला धरून आत घेऊन गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्या स्वयंपाकघराच्या आत गेली.

"हे बघ. हे पाणी कुणाच्या हाताचं नाही, उष्टं नाही, खरकटं नाही. नळातून यंत्रात, यंत्रातून बादलीत. सोवळ्यातलं पाणी हे! रोज दोन बादल्या. मोगऱ्याचं काम झालं की गं!"

राजूबाईनं बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. माळावर डबक्याचं पाणी शेळ्यांना दाखवायच्या आधी ती असंच करायची. पाणी मचूळ लागलं. जिभेच्या मागं काहीतरी चिकटून राहिलं.

"खारट लागायलंय, बाई."

"बोअरचं नव्हतं का तसंच? इतकी वर्षं तेच पिऊन वाढलाय मोगरा."

तेही खरं होतं. आणि दुसरं खरं असं, की राजूबाईला पाणी हवं होतं. दोन भरलेल्या बादल्या, रोज, पोरीच्या झाडाला, कुणाच्या हातापाया न पडता. जीभ जे सांगत होती ते तिनं गिळलं. बादली उचलली आणि मोगऱ्याच्या आळ्यात ओतली.

तिनं स्वतः ओतली. नलिनीबाईंनी नाही, सुधींद्रनं नाही. पौषापासून रोज दोन बादल्या.

माघात मोगऱ्याच्या पानांच्या कडा तांबूस झाल्या. फाल्गुनात त्या जळल्यासारख्या कुरकुरीत झाल्या. आळ्यातल्या मातीवर पांढरट पापुद्रा धरू लागला. राजूबाईला वाटलं, आळ्याच्या विटांचा चुना असेल. तिनं खुरप्यानं माती हलवली, पापुद्रा खाली गेला, चार दिवसांत पुन्हा वर आला.

"ऊन लागायलंय त्याला," नलिनीबाई म्हणाल्या. "पाणी वाढव."

वाढवलं. बाई मुद्दाम फिल्टर जास्त वेळ चालू ठेवू लागल्या. प्यायचं पाणी घागरीतून सांडायची वेळ यायची, पण गोड पाणी झाडाला ओतणं जिवावर यायचं म्हणून ते शेजारी द्यायच्या, आणि वायाचं सगळं मोगऱ्याला. राजूबाई तीन-तीन बादल्या वाहू लागली. झाडाला तहान लागलीय असं दोघींना दिसत होतं, आणि तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही तर काय द्यायचं?

विटांपलीकडं मात्र बहर चालला होता. भांड्याच्या पाण्यावर, डाळीच्या धुवणावर, ताकाच्या भांड्याच्या विसळणावर. तरवड पिवळा होऊन फाटकावर झुकला. कण्हेरीला घोस आले. सदाफुली तर लाजलज्जा सोडून फुलत होती. फुलांची टोपली घेऊन दारोदार फिरणारा बंडेप्पा एकदा फाटकाशी उभा राहून म्हणाला, "अक्का, आता तुम्ही माझ्याकडं कशाला घ्याल? मीच तुमच्याकडं घ्यायला येतो."

"ती देवाची नाहीत रे," नलिनीबाई म्हणाल्या.

"मग कुणाची?"

राजूबाई मोगऱ्याची गळलेली पानं वेचत होती. पोरीला ताप आला तेव्हा ती तिच्या अंगावरचं पांघरूण असंच सारखं नीट करत बसली होती.

चैत्रात एका दुपारी नलिनीबाई आत झोपल्या होत्या. राजूबाईनं बाहेरच्या मोरीवर भांडी घासून धुवणाची बादली उचलली आणि सवयीनं बिनदेवाच्या बाजूला निघाली, ती विटांच्या रांगेशी थांबली. उजव्या हाताला मोगरा. अर्धा उघडा पडलेला, काड्या दिसायला लागलेला. त्या पाण्यात भाताची शितं तरंगत होती. हे पाणी पिऊन पलीकडं काय चाललंय ते समोर दिसत होतं. एक पाऊल, आणि एक बादली. बघायला कुणी नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. खांदा भरून आला. मग तिनं बादली तरवडाला ओतली.

कामून? तिला बाईंची भीती नव्हती. देवाची तर तिला पोर गेली तेव्हापासून अजिबातच नव्हती. पण रोज सकाळी त्या झाडाचं पहिलं फूल मूर्तीच्या डोक्यावर जायचं, ते विजयश्रीचं म्हणून जायचं. फसवून पाठवलेलं फूल पोरीच्या नावानं जाईल, हे तिला सोसलं नसतं. पोरीनं चौथीत असताना परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिलं म्हणून तिनं तिला शेळ्यांच्या काठीनं मारलं होतं. ती राजूबाई आता चोरून पाणी घालणार नव्हती. गरिबाला एवढीच एक मिजास परवडते, आणि राजूबाईनं ती शेवटपर्यंत सांभाळली.

वैशाखात मोगऱ्याला अकरा कळ्या आल्या. राजूबाईनं मोजल्या. हरभऱ्याएवढ्या होऊन त्या देठातच काळ्या पडल्या. त्याच आठवड्यात तिनं तीन फांद्या छाटून घरी नेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, चुलीमागल्या मातीत खोचल्या. त्याही वाळल्या. ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी तिनं खोडाला नखानं ओरखडा काढला. आत हिरवं काही नव्हतं. बोटभर खाली ओरखडा काढला. अजून खाली. मुळापाशी पोचली तरी आत सगळं वाळक्या बांबूसारखं.

"बाई," तिनं हाक मारली. "गेलं."

नलिनीबाई आल्या. चष्मा लावून वाकून बघितलं, हात लावला. त्या काही शहाणपणाचं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. नुसत्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "हा उन्हाळाच मेला वाईट."

"व्हय," राजूबाई म्हणाली. तिलाही तेच वाटत होतं. आपण पाणी कमी घातलं. चार बादल्या घालायला हव्या होत्या.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती खोड उकरून काढायला. वाळलेलं झाड दाराशी ठेवत नाहीत, आणि ते काम दुसऱ्या कुणाच्या हातून व्हावं असं तिला वाटत नव्हतं. फाटक उघडून आत आली, तर नलिनीबाई अंगणात होत्या. नुकती अंघोळ झालेली, सोवळ्याचं ओलेतं नेसलेल्या, हातात परडी. आणि विटांच्या पलीकडं, बिनदेवाच्या बाजूला, त्या कण्हेर तोडत होत्या.

राजूबाई होती तिथंच उभी राहिली.

परडीत तांबडी कण्हेर होती. पांढऱ्या चाफ्याची दोन फुलं होती. तळाशी पिवळा तरवडसुद्धा होता.

"बंडेप्पा तीन दिवस आला नाही गं," नलिनीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "देवाला रिकामं कसं ठेवायचं? म्हटलं, मनातल्या मनात क्षमा मागावी आणि... शेवटी त्याला भाव कळतो."

"कवापासून?"

"काय?"

"कवापासून कळायलाय त्याला?" राजूबाईचा आवाज खालीच होता. "काल कळायला लागलं का माघातच कळत होतं?"

नलिनीबाई वळल्या. परडी त्यांनी छातीशी धरली, कुणी हिसकून घेईल अशी.

"राजूबाई..."

"मी इथं उभी होते, बाई. ह्या इटांपाशी. बादली घेऊन. तुम्ही झोपला होता. घातलं असतं तर तुम्हाला जल्मात कळलं न्हाई असतं. तुमचा देव न्हाई म्हणला म्हणून मी न्हाई घातलं. आन आता त्याला भांड्याच्या पाण्याची कण्हेर चालायली? तरवड चालायलाय? मग माझ्या पोरीच्या झाडालाच कामून चाललं न्हाई?"

नलिनीबाई परडीकडं बघत राहिल्या. फुलं खाली ठेवायची की आत न्यायची हेही त्यांना ठरवता येईना. शेवटी त्या आत गेल्या. थोड्या वेळानं देवघरातली घंटा वाजली, एकदाच, अर्धवट.

राजूबाईनं कुदळ घेतली. खोड उकरताना माती ढेकळांनी निघाली, घट्ट, पांढऱ्या शिरांची. मुळं वितभर खाली जाऊन आखडली होती, हातापायांची बोटं आखडावीत तशी. तिनं ते सगळं पोत्यात घातलं. खड्डा बुजवला नाही. विटांच्या रांगेतली एक वीट पायानं उडवावी असं तिला वाटलं, पण पाय उचलला नाही. बिनदेवाची बाजू तिच्या मागं फुललेली होती. तिच्या हातची, तिनं निवडलेली, शेळीनं नाकारलेली आणि आजपासून देवानं घेतलेली. त्या बागेला आता तिची गरज नव्हती. महिनाभर कुणी ढुंकून बघितलं नाही तरी ती जगणार होती. तशीच तर तिनं निवडली होती.

"उद्या येशील ना?" दारातून आवाज आला.

राजूबाई वळली नाही. "आता कशाला येऊ, बाई?"

बसमध्ये तिनं पोतं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सरपण खाली ठेवा की." तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. तो पुढं गेला.

ती दुबलगुंडीला पोचली तेव्हा राघोबा शेळ्यांना पाणी दाखवत होता. तिनं पोतं अंगणात उपडं केलं.

"काय आणलीस?"

"पोरीचं झाड."

राघोबानं हातातलं टमरेल खाली ठेवलं. जवळ आला. वाकून खोडाला हात लावला, आणि मग तो हात कुठं पुसावा हे न कळल्यासारखा धरून उभा राहिला. वह्या रद्दीत दिल्या त्या दिवसानंतर तो या विषयावर एक शब्द बोलला नव्हता.

तेवढ्यात शेळ्या आल्या.

आधी एक म्हातारी शेळी, कान फाटलेली. तिनं खोड हुंगलं, फांद्या हुंगल्या, मान फिरवली. मग मुळांशी आली. मुळांना चिकटलेल्या त्या पांढरट मातीला तिनं जीभ लावली, आणि थांबली, आणि मग चाटायलाच लागली. खरखर आवाज करत. दुसरी आली. तिसरी तिला ढुशी मारून आत घुसली. बघता बघता सगळ्या जमल्या, अंगावर अंग टाकून. राघोबानं मिठाला हाळी दिल्यावर यायच्या तशा.

राघोबा म्हणाला, "मीठ लागलंय जणू याला."

राजूबाई खाली बसली. तिच्या जिभेच्या मागं ती पौषातली मचूळ चव पुन्हा आली, बोटानं चाखलेली, गिळून टाकलेली. दोन बादल्या. मग तीन बादल्या. यंत्राचं पाणी, कुणाच्या हाताचं नाही, उष्टं नाही, खरकटं नाही. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. एक दिवस चुकवला नाही तिनं. अवकाळी पावसात नाही, तापात नाही, राघोबाचा पाय मोडला तेव्हासुद्धा नाही.

"हाकल की त्यांना," राघोबा म्हणाला.

तिनं हाकललं नाही. शेळ्या मुळं चाटत राहिल्या, आणि ती बघत राहिली, मुळं साफ होईपर्यंत.